इंग्रजीचे पार्ट्स ऑफ स्पीच कसे ओळखायचे: मराठीतून शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

‘फास्ट’ हा शब्द कोणत्या जातीचा? नुसता शब्द पुढे ठेवून हा प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर नाही. ‘अ फास्ट ट्रेन’मध्ये तो विशेषण आहे. ‘शी रन्स फास्ट’मध्ये क्रियाविशेषण. ‘ही ब्रोक हिज फास्ट’मध्ये नाम, म्हणजे उपवास. आणि ‘दे फास्ट ऑन एकादशी’मध्ये चक्क क्रियापद. एक अक्षरही बदललं नाही, तरी जात चार वेळा बदलली, कारण प्रत्येक वाक्यात शब्दाची जागा आणि काम वेगळं आहे.

मराठी माध्यमातून शिकून आता स्पर्धा परीक्षेसाठी, नोकरीसाठी किंवा मुलांचा अभ्यास घेण्यासाठी इंग्रजी नव्याने हाती घेतलेल्यांची अडचण नेमकी इथे होते. व्याख्या तोंडपाठ असतात. ‘नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग’ झोपेतही म्हणता येतं. पण वाक्य समोर आलं की हात थांबतो. मराठीत शब्दाचं काम त्याच्या प्रत्ययावरून कळतं. ‘पोलिसानं चोराला पकडलं’ आणि ‘चोराला पोलिसानं पकडलं’, दोन्हींचा अर्थ एकच, कारण ‘नं’ आणि ‘ला’ शब्दाला चिकटूनच असतात. इंग्रजीत असे प्रत्यय जवळजवळ नाहीत. ‘द थीफ कॉट द पोलिसमन’ म्हटलं की चोरानंच पोलिसाला धरलं. म्हणून व्याख्या बाजूला ठेवा आणि प्रत्येक शब्दाला वाक्यातली जागा बघून लहान-लहान कसोट्या लावायला शिका. पुढच्या पायऱ्या त्याच कसोट्यांच्या आहेत.

आठ जातींची नावं तुम्हाला शाळेपासून माहीत आहेत: नाउन म्हणजे नाम, प्रोनाउन म्हणजे सर्वनाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद, अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण, अ‍ॅडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण, प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय, कंजंक्शन म्हणजे उभयान्वयी अव्यय आणि इंटरजेक्शन म्हणजे केवलप्रयोगी अव्यय. मराठी आणि इंग्रजीची यादी इतकी जुळते हा योगायोग नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. आपल्याकडच्या यास्काचार्यांनी निरुक्त या प्राचीन ग्रंथात शब्दांचे चारच वर्ग सांगितले होते: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्ययं). तेव्हा एखाद्या पुस्तकात आठऐवजी नऊ जाती दिसल्या आणि ‘डिटरमिनर’ नावाचा वेगळा गट आढळला, तर गोंधळू नका. ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’, ‘सम’ हे शब्द जुनी पुस्तकं विशेषणात घालतात, नवी वेगळे काढतात. परीक्षा देणार असाल तर त्या परीक्षेचं पुस्तक जे सांगतं ते लिहा.

तयारी

दोनशे पानी वही, चार रंगांचे पेन आणि एक लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे भाषा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश, एवढं पुरतं. साध्या इंग्रजी-मराठी शब्दकोशावर थांबू नका, कारण बहुतेक लर्नर्स डिक्शनऱ्यांत नामापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ असं अक्षर असतं. ‘सी’ म्हणजे मोजता येणारं, ‘यू’ म्हणजे न मोजता येणारं. पुढे हे फार कामाला येईल. शब्दापुढची ‘एन’, ‘व्ही’, ‘एडीजे’, ‘एडीव्ही’, ‘प्रेप’, ‘कॉन्ज’ ही लघुरूपं नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण, शब्दयोगी आणि उभयान्वयी यांची आहेत. एका शब्दापुढे दोन-तीन लघुरूपं दिसली तर सगळी वाचा. पहिलं वाचून पान बंद करणं ही सर्वांत सामान्य चूक.

वाचायला इंग्रजी वर्तमानपत्र घ्या. १९११ पासून नागपुरातून निघणारा ‘द हितवाद’ बरा पडतो, कारण गावांची, रस्त्यांची, माणसांची नावं ओळखीची असतात आणि लक्ष शब्दांच्या कामावर राहतं. फक्त मथळ्यांपासून सुरुवात करू नका. मथळ्यात आर्टिकल (‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’) आणि सहायक क्रियापदं गाळलेली असतात, त्यामुळे कसोट्या चालत नाहीत. आतल्या बातमीचा पहिला परिच्छेद घ्या.

या लेखात इंग्रजी उदाहरणं देवनागरीत आहेत. वहीत उतरवताना ती इंग्रजी लिपीत, स्पेलिंग तपासून लिहा.

पहिली पायरी: आधी क्रियापद शोधा

पुस्तकं नामापासून सुरू होतात. तुम्ही क्रियापदापासून सुरू करा. पूर्ण इंग्रजी वाक्यात क्रियापद असतंच, आणि ते सापडलं की त्याच्या आधी कर्ता, नंतर कर्म किंवा पूरक, अशी बाकीची जागा आपोआप उलगडते.

कसोटी अशी: वाक्य आजमधून कालमध्ये न्या. जो शब्द बदलतो तो क्रियापद. ‘द शॉप ओपन्स अ‍ॅट टेन’चं ‘द शॉप ओपन्ड अ‍ॅट टेन’ होतं, म्हणजे इथे ‘ओपन’ क्रियापद आहे. पण ‘द शॉप इज ओपन’चं ‘द शॉप वॉज ओपन’ होतं. बदलला ‘इज’, ‘ओपन’ जागच्या जागी राहिला. म्हणजे इथे ‘इज’ क्रियापद आणि ‘ओपन’ विशेषण. ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’ अशी थोडी क्रियापदं भूतकाळातही तशीच राहतात. तिथे कर्ता ‘ही’ करून पाहा. ‘ही पुट्स’, शेवटी ‘एस’ लागला की ते क्रियापद.

क्रियापद एका शब्दाचंच असेल असं नाही. ‘शी हॅज बीन वेटिंग’मध्ये तीनही शब्द मिळून एक क्रियापद आहे. ‘इज’, ‘हॅज’, ‘डू’ यांची रूपं आणि ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’, ‘शुड’ हे मदतनीस मुख्य क्रियापदाच्या आधी येतात. वहीत त्या सगळ्यांखाली एकच लाल रेघ ओढा. मात्र शेवटी ‘इंग’ दिसला म्हणून लगेच लाल रेघ नको. ‘ही इज स्विमिंग’मध्ये ‘स्विमिंग’ क्रियापदाचा भाग आहे, ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइझ’मध्ये ते नाम आहे आणि ‘रनिंग वॉटर’मध्ये ‘रनिंग’ विशेषण आहे.

आता मराठी माणसाच्या खास चुका. एकच आशय दोन्ही भाषांत वेगवेगळ्या जातीच्या शब्दानं सांगितला जातो, ही गोष्ट पुस्तकं क्वचित सांगतात. ‘मला भूक लागली’मध्ये भूक नाम आहे, पण इंग्रजीत ‘आय अ‍ॅम हंग्री’, म्हणजे विशेषण. ‘मला माहीत आहे’चं इंग्रजी ‘आय नो’, नुसतं क्रियापद. ‘मी सहमत आहे’मध्ये सहमत हे विशेषण, म्हणून कितीतरी जण ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ म्हणतात. पण ‘अ‍ॅग्री’ स्वतःच क्रियापद आहे. त्याला ‘अ‍ॅम’ लागत नाही. ‘आय अ‍ॅग्री’ एवढंच. नवा शब्द शिकताना मराठी अर्थाबरोबर त्याची इंग्रजीतली जातही लिहिली, तर ही चूक मुळातच होत नाही.

दुसरी चूक आपल्या नागपुरी बोलीतून येते. ‘तू काय करून राहिला?’चं ‘व्हॉट आर यू डूइंग?’ अगदी बरोबर होतं. त्यामुळे ‘राहिला’ म्हणजे ‘इंग’ असं डोक्यात पक्कं बसतं. मग ‘मला समजून राहिलं’चं ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ होतं, ‘मला दिसून राहिलं’चं ‘आय अ‍ॅम सीइंग’ होतं. बोलीत ‘राहिला’ जवळजवळ कुठल्याही क्रियापदाला लागतो. इंग्रजीत ‘इंग’ला तशी मोकळीक नाही. नो, अंडरस्टँड, बिलीव्ह, वॉन्ट, नीड, लाइक, हेट, ओन, बिलाँग ही क्रियापदं कृती दाखवत नाहीत, स्थिती दाखवतात. त्यांना चालू काळात नेऊ नका. ‘हॅव’ दोन्हीकडे आहे: ‘वी आर हॅविंग लंच’ चालतं, कारण तिथे जेवण्याची कृती आहे, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ चालत नाही, कारण भाऊ असणं ही कृती नाही.

दुसरी पायरी: नाम आणि सर्वनाम

शब्दाआधी ‘द’ किंवा ‘माय’ लावून पाहा. ‘माय डिसिजन’ जमतं, ‘माय डिसाइड’ जमत नाही. म्हणजे ‘डिसिजन’ नाम. शब्दाचं शेपूटही मदत करतं: ‘शन’, ‘नेस’, ‘मेंट’, ‘इटी’ यांवर संपणारे बहुतेक शब्द नामं असतात.

नामात घोटाळा होतो तो मोजण्याचा. ‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’, ‘होमवर्क’ हे सगळे ‘यू’ गटातले. त्यांना ‘एस’ लागत नाही, आधी ‘अ’ही लागत नाही. ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ म्हणा, ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ नको. शिवाय मराठीतलं वचन इंग्रजीत उलटं पडू शकतं. पैसे अनेकवचनी, पण ‘द मनी इज ऑन द टेबल’. केस अनेकवचनी, पण ‘हर हेअर इज लाँग’. याउलट पँट, कात्री, चष्मा मराठीत एकवचनी, तर ‘द ट्राउझर्स आर’, ‘द सिझर्स आर’, ‘द ग्लासेस आर’. ‘न्यूज’ला ‘इज’ आणि ‘पोलिस’ला ‘आर’ हेही याच यादीत लिहून ठेवा.

आर्टिकल मराठीत नसतं, त्यामुळे ते गळतं. त्याचा एक भाग मात्र देवनागरीमुळे आपल्याला सोपा जातो. ‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे स्पेलिंगवर ठरत नाही, उच्चारावर ठरतं. म्हणून पुढचा शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘अ‍ॅन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ स्वरानं सुरू होतो, म्हणून ‘अ‍ॅन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ ‘य’नं सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. तसंच ‘अ‍ॅन एमएलए’, ‘अ वन-रुपी कॉइन’.

सर्वनाम ओळखणं सोपं, वापरणं अवघड, कारण आपल्याकडे लिंग आणि आदर दोन्ही सर्वनामात येतात. खुर्ची ती, पंखा तो. इंग्रजीत दोन्ही ‘इट’. ‘बाबा आले आहेत, ते थकले आहेत’ याचं ‘माय फादर हॅव कम, दे आर टायर्ड’ होत नाही. आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत नाही: ‘माय फादर हॅज कम, ही इज टायर्ड’. एकट्या वडिलांना ‘ही’ म्हणण्यात त्या भाषेत कोणताही अनादर नाही. हे मनाला पटवून घ्या, नाहीतर जीभ ‘दे’वर घसरतेच. मुलाखतीत साहेबांबद्दल, सरांबद्दल बोलतानाही हेच.

‘धिस’ आणि ‘दॅट’ एकटे उभे राहिले तर सर्वनाम, नामाआधी आले तर विशेषण किंवा डिटरमिनर: ‘धिस इज माय बॅग’ आणि ‘धिस बॅग इज माइन’.

तिसरी पायरी: विशेषण

कसोट्या दोन. शब्द ‘द’ आणि नाम यांच्यामध्ये बसतो का? त्याआधी ‘व्हेरी’ लावता येतो का? दोन्हींना हो आलं तर ते विशेषण. मराठीत चांगला, चांगली, चांगले असं रूप बदलतं. इंग्रजीत ‘गुड’ तसाच राहतो. त्यामुळे हा भाग आपल्याला तुलनेनं हलका जातो.

एक जागा मात्र नीट बघण्यासारखी आहे. नागपूर मेट्रोच्या ऑरेंज लाइन आणि अ‍ॅक्वा लाइन सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. ‘ऑरेंज लाइन’मध्ये ‘ऑरेंज’ हा रंग आहे, म्हणजे विशेषण. ‘ऑरेंज ज्यूस’मध्ये ते फळ आहे, म्हणजे नाम, पण विशेषणाच्या जागी बसून काम करतंय. ‘व्हेरी’ लावून बघा: ‘अ व्हेरी ऑरेंज शर्ट’ चालेल, रंग भडक आहे, ‘व्हेरी ऑरेंज ज्यूस’ म्हटलं तर फळ सुटतं आणि रंगच उरतो. असं पुढे बसलेलं नाम सहसा एकवचनीच राहतं, वस्तू कितीही असल्या तरी. बागेत हजार संत्री असली तरी ‘ऑरेंज गार्डन’, दुकानात शंभर जोडे असले तरी ‘शू शॉप’, आणि ‘अ टेन-रुपी नोट’, ‘अ टेन-रुपीज नोट’ नाही.

‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’ यांची गल्लत सर्वत्र ऐकू येते. ‘ड’चं रूप ज्याला वाटतं त्याचं, ‘इंग’चं रूप ज्यामुळे वाटतं त्याचं. ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हणजे मी लोकांना कंटाळा आणतो. ‘इंटरेस्टेड’ आणि ‘इंटरेस्टिंग’, ‘टायर्ड’ आणि ‘टायरिंग’, ‘कन्फ्यूज्ड’ आणि ‘कन्फ्यूझिंग’ या जोड्यांची प्रत्येकी दोन-दोन वाक्यं लिहा.

चौथी पायरी: क्रियाविशेषण

‘कसं’, ‘कधी’, ‘कुठे’, ‘किती वेळा’ या प्रश्नांचं उत्तर देणारा शब्द. शेवटी ‘ली’ ही खूण उपयोगाची, पण तिच्यावर विसंबू नका. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘कॉस्टली’ विशेषणं आहेत. ‘फास्ट’चं ‘फास्टली’ होत नाही. ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’चे अर्थ तर परस्परविरोधी: ‘शी वर्क्स हार्ड’ म्हणजे ती कष्ट करते, ‘शी हार्डली वर्क्स’ म्हणजे ती जेमतेम काम करते. मुलाखतीत ही अदलाबदल महागात पडते.

‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’, ‘अब्रॉड’, ‘डाउनस्टेअर्स’ हे शब्द जाण्या-येण्याच्या क्रियापदांनंतर क्रियाविशेषण असतात. क्रियाविशेषणाआधी ‘टू’ लागत नाही. म्हणून ‘गो होम’, ‘कम हिअर’, ‘गो अब्रॉड’. ‘गो टू होम’ चुकीचं का, याचं कारण इतकं सरळ आहे, आणि जात कळल्याशिवाय ते कळत नाही.

जागेचं भान ठेवा. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवू नका: ‘ही स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली’, ‘ही स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’ नाही. ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ मुख्य क्रियापदाआधी पण ‘इज’नंतर येतात: ‘शी ऑलवेज कम्स अर्ली’, ‘शी इज ऑलवेज अर्ली’.

लुक, फील, स्मेल, साउंड, सीम या क्रियापदांनंतर मात्र सहसा विशेषण येतं. ‘द फूड स्मेल्स गुड’, ‘यू लुक ब्यूटिफुल’. मराठीत आपण ‘छान दिसतेस’ म्हणतो तेव्हा ‘छान’ दिसण्याची रीत सांगतोय असं वाटतं, त्यातून ‘ब्यूटिफुली’ येतं. इंग्रजीत वर्णन कर्त्याचं आहे, दिसण्याच्या क्रियेचं नाही.

पाचवी पायरी: प्रिपोझिशन, इथे सर्वांत जास्त वेळ द्या

ओळखायची कसोटी एकच: त्याच्यानंतर नाम किंवा सर्वनाम हवंच, आणि सर्वनाम असेल तर ‘मी’, ‘हिम’, ‘हर’, ‘देम’ या रूपात हवं. ‘विथ हिम’, ‘फॉर मी’. मराठीत हे काम करणारे शब्द नामाच्या मागे चिकटतात, टेबलावर, घरामध्ये. इंग्रजीत ते पुढे सुटे उभे राहतात. खरं अवघड पुढेच आहे. मराठीचा एक प्रत्यय आणि इंग्रजीचा एक शब्द अशी जोडी लावता येत नाही.

एकटा ‘ला’ घ्या. मी नागपूरला राहतो, ‘आय लिव्ह इन नागपूर’. मी नागपूरला जातो, ‘आय गो टू नागपूर’. गाडी नागपूरला पोहोचली, ‘द ट्रेन रीच्ड नागपूर’, इथे काहीच नाही; पण ‘अराइव्ह’ वापरलं की ‘अराइव्ह्ड इन नागपूर’. आईला विचार, ‘आस्क युवर मदर’. आईला समजावून सांग, ‘एक्सप्लेन इट टू युवर मदर’. ‘ला’ एकच, पण इंग्रजीत कधी ‘इन’, कधी ‘टू’, कधी काहीच नाही. म्हणून प्रिपोझिशन मराठी प्रत्ययाशी जोडून पाठ करू नका, ती क्रियापदाशी किंवा विशेषणाशी जोडून पाठ करा. वहीत ‘एक्सप्लेन’ एवढंच न लिहिता ‘एक्सप्लेन समथिंग टू समवन’ असं पूर्ण लिहा.

‘पासून’ही असाच फसवतो. सोमवारपासून आणि दोन वर्षांपासून, आपल्याला दोन्ही सारखेच. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स मंडे’, लांबी असेल तर ‘फॉर टू इयर्स’. ‘सिन्स टू इयर्स’ हा भारतभर ऐकू येणारा दोष आहे.

रागावलेला, घाबरलेला, हुशार या विशेषणांबरोबरही प्रत्यय फसवतात. तो माझ्यावर रागावला, ‘ही इज अँग्री विथ मी’, ‘ऑन मी’ नाही. ती गणितात हुशार आहे, ‘शी इज गुड अ‍ॅट मॅथ्स’. कुणाशी लग्न झालं, ‘मॅरीड टू’. बसमध्ये असलात तर ‘ऑन द बस’, ऑटोत किंवा कारमध्ये असलात तर ‘इन’.

आता शब्दजातीचं ज्ञान थेट उपयोगी पडतं ते इथे: काही क्रियापदांना प्रिपोझिशन लागत नाही, पण त्यांच्याच नामाला लागतं. ‘वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम’, पण ‘वी हॅड अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम’. ‘ही रिक्वेस्टेड लीव्ह’, पण ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. ‘शी ऑर्डर्ड टी’, पण ‘अ‍ॅन ऑर्डर फॉर टी’. ‘डिस्कस अबाउट’ ही चूक का होते ते लगेच दिसतं: नामाची सवय क्रियापदाला लावली जाते.

वेळेसाठी घड्याळाला ‘अ‍ॅट’, वार आणि तारखेला ‘ऑन’, महिना आणि सालाला ‘इन’. हे तेवढं नियमात बसतं.

सहावी पायरी: कंजंक्शन

त्याच्यानंतर स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेलं वाक्य येतं का बघा. ‘बिफोर लंच’मध्ये फक्त नाम आहे, म्हणून ‘बिफोर’ प्रिपोझिशन. ‘बिफोर वी एट’मध्ये ‘वी एट’ हे वाक्य आहे, म्हणून कंजंक्शन. ‘आय हॅव सीन हर बिफोर’मध्ये त्याच्यानंतर काहीच नाही, म्हणून क्रियाविशेषण. ‘आफ्टर’ आणि ‘सिन्स’लाही हीच कसोटी लागते. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ मात्र दोन सुटे शब्दही जोडतात: ‘टी अँड पोहा’.

मराठीत उभयान्वयी अव्ययं जोडीनं येतात: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, कारण-म्हणून. इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एक कंजंक्शन पुरतं. ‘ऑल्दो इट वॉज हॉट, बट वी वॉक्ड’ हे ‘जरी-तरी’चं भाषांतर आहे, ‘बट’ काढा. ‘बिकॉज इट रेन्ड, सो वी स्टेड’मधला ‘सो’ किंवा ‘बिकॉज’ यांपैकी एक काढा. लिहून झालं की प्रत्येक लांब वाक्यातली क्रियापदं मोजा आणि कंजंक्शनं मोजा. दोन पूर्ण वाक्यांना एक, तीनांना दोन. ‘आयदर-ऑर’, ‘नॉट ओन्ली-बट ऑल्सो’ या ठरलेल्या जोड्या एकच धरा.

इंटरजेक्शनसाठी वेळ घालवू नका. ‘ओह!’, ‘आउच!’, ‘वाउ!’ हे वाक्याशी बांधलेले नसतात. काढून टाकले तरी वाक्य पूर्ण राहतं.

एक वाक्य पूर्ण सोडवून

‘द टायर्ड स्टुडंट्स क्विकली गॉट ऑफ द बस अ‍ॅट सीताबर्डी अँड वॉक्ड होम.’

आधी क्रियापदं. वाक्य भूतकाळातच आहे, म्हणून उलटं करा, आजमध्ये आणा: ‘गॉट’चं ‘गेट’, ‘वॉक्ड’चं ‘वॉक’ होतं. दोन क्रियापदं. ‘टायर्ड’ बदलत नाही, ‘द’ आणि ‘स्टुडंट्स’च्या मध्ये बसलाय, ‘व्हेरी टायर्ड’ जमतं; विशेषण. ‘स्टुडंट्स’, ‘बस’, ‘सीताबर्डी’ नामं, त्यातलं तिसरं विशेषनाम, म्हणून कॅपिटल अक्षर. ‘क्विकली’ कसं उतरले ते सांगतं, क्रियाविशेषण. ‘ऑफ’नंतर ‘द बस’, ‘अ‍ॅट’नंतर ‘सीताबर्डी’, दोन्ही प्रिपोझिशन. ‘अँड’ दोन कृती जोडतो, कंजंक्शन. ‘होम’ कुठे चालत गेले ते सांगतं आणि आधी ‘टू’ नाही, क्रियाविशेषण. ‘होम’ला नाम लिहिणारे पुष्कळ, कारण त्यांनी शब्द पाहिला, जागा पाहिली नाही.

कानानं ओळखायचे शब्द

काही शब्दांची जात उच्चारात ऐकू येते. ‘रेकॉर्ड’, ‘प्रेझेंट’, ‘परमिट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘एक्स्पोर्ट’ हे नाम असताना जोर पहिल्या अवयवावर (सिलेबलवर), क्रियापद असताना दुसऱ्यावर. दुसरा गट शेवटच्या ध्वनीचा: ‘यूस’ नाम आणि ‘यूझ’ क्रियापद, ‘अ‍ॅडव्हाइस’ नाम आणि ‘अ‍ॅडव्हाइझ’ क्रियापद, ‘बिलीफ’ आणि ‘बिलीव्ह’, ‘प्रूफ’ आणि ‘प्रूव्ह’. ‘अ‍ॅडव्हाइस’च्या स्पेलिंगमध्ये ‘सी’, ‘अ‍ॅडव्हाइझ’मध्ये ‘एस’. अर्जात ‘प्लीज अ‍ॅडव्हाइस’ असं ‘सी’नं लिहिणं ही सर्रास होणारी चूक.

नवा शब्द कुटुंबासकट लिहा, चार रकान्यांत: क्रियापद ‘सक्सीड’, नाम ‘सक्सेस’, विशेषण ‘सक्सेसफुल’, क्रियाविशेषण ‘सक्सेसफुली’. ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसाइसिव्ह’, ‘डिसाइसिव्हली’. रकाना रिकामा राहत असेल तर राहू द्या. मनानं शब्द बनवू नका. दिवसाला तीन कुटुंबं पुरेत.

आठवड्यांचा क्रम

रोज पंचवीस मिनिटं. बातमीतली पाच-सहा वाक्यं वहीत उतरवा, एक ओळ सोडून. पहिला आठवडा फक्त क्रियापदं, लाल रंगात. बाकी शब्दांकडे बघूही नका. दुसऱ्यात नाम-सर्वनाम निळ्यानं, तिसऱ्यात विशेषण-क्रियाविशेषण हिरव्यानं. चौथा आणि पाचवा दोन्ही प्रिपोझिशनला, काळ्यानं, आणि प्रत्येक प्रिपोझिशनपासून ज्या क्रियापदावर किंवा विशेषणावर ती अवलंबून आहे तिथपर्यंत बाण काढा. सहाव्यात कंजंक्शनभोवती गोल. सातव्यापासून सगळं एकत्र. उत्तर डिक्शनरीत तपासा, आणि जिथे चुकलात तिथे कोणती कसोटी लावायची राहिली ते समासात लिहा.

सोडवून बघा

पुढच्या वाक्यांतल्या या शब्दांची जात ओळखा: पहिल्या आणि दुसऱ्यात ‘वेल’, तिसऱ्यात ‘वॉटर’, चौथ्यात ‘बट’, पाचव्यात ‘हार्ड’, सहाव्यात ‘दॅट’, सातव्या आणि आठव्यात ‘इनसाइड’.

१. ‘द वेल इज ड्राय इन मे.’
२. ‘शी सिंग्ज वेल.’
३. ‘पीपल वॉटर द प्लांट्स इन द इव्हनिंग.’
४. ‘एव्हरीवन केम बट हिम.’
५. ‘इट इज हार्ड वर्क.’
६. ‘आय नो दॅट ही इज लेट.’
७. ‘वी वेंट इनसाइड.’
८. ‘वी वेंट इनसाइड द टेम्पल.’

उत्तरं: १. नाम, आधी ‘द’ आहे, अर्थ विहीर. २. क्रियाविशेषण, कसं गाते ते सांगतं. ३. क्रियापद, कालमध्ये नेलं की ‘वॉटर्ड’ होतं. ४. प्रिपोझिशन, नंतर ‘हिम’ आहे, वाक्य नाही, अर्थ ‘खेरीज’. ५. विशेषण, ‘वर्क’ इथे नाम आहे. ६. कंजंक्शन, नंतर ‘ही इज लेट’ हे पूर्ण वाक्य आहे. ७. क्रियाविशेषण, नंतर काही नाही. ८. प्रिपोझिशन, नंतर ‘द टेम्पल’ आहे. चौथं आणि सहावं चुकलं असेल तर सहावी पायरी पुन्हा वाचून ‘बिफोर’, ‘आफ्टर’ आणि ‘सिन्स’ची प्रत्येकी तीन वाक्यं करा.